मद्यमुक्ती स्वमदत गट

दारू सुटावी आणि सुटलेली राहावी यासाठी व्यसन भोगलेल्या माणसांनीच चालवलेला गट. सर्वांत मोठे जाळे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ (एए) या संघटनेचे. बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब या दोन मद्यासक्तांनी अमेरिकेतील अॅक्रन शहरात १९३५ साली ती सुरू केली. दारू थांबवण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. प्रवेश फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. ‘स्मार्ट रिकव्हरी’ (१९९४) हा निराळा पर्याय आहे. तिथे एएसारख्या बारा पायऱ्या (व्यसनातून बाहेर पडण्याचे क्रमवार टप्पे) किंवा उच्चशक्ती (देव किंवा आपल्याहून मोठी कुठलीही शक्ती) नसते. प्रशिक्षित संचालक विचार व सवयी बदलण्याचे सराव करून घेतो.

गट म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या उत्साहात दारू एकदम बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. आकडीचे झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भ्रम, तीव्र अस्वस्थता आणि ताप असलेली ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था बहुधा दोन ते चार दिवसांत उद्भवते आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. पूर्वी झटका आलेला असेल किंवा सकाळी उठल्यावर थरथर थांबवायला प्यावी लागत असेल, तर आधी डॉक्टर. सभेला जाणे त्याच आठवड्यात सुरू करता येते.

गट शोधण्यासाठी संघटनेचे संकेतस्थळ, मदतवाहिनी किंवा एएचे ‘मीटिंग गाइड’ हे अॅप वापरावे. व्यसनमुक्ती केंद्रातील समाजसेवकालाही स्थानिक गट ठाऊक असतात. यादीतल्या वेळा अनेकदा जुन्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून सभा आज भरणार का, कोणत्या मजल्यावर आणि खुली की बंद, एवढे विचारावे. खुल्या सभेला नातेवाईक किंवा विद्यार्थीही बसू शकतात. बंद सभा फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. काही ठिकाणी स्त्रियांच्या वेगळ्या सभा असतात, ऑनलाइनही भरतात. बाहेर मोठी पाटी क्वचितच असते. दहा मिनिटे आधी पोहोचले की दार उघडणारा सदस्य भेटतो, आणि ‘मी पहिल्यांदाच आलो आहे’ एवढे त्याला सांगितले की पुढचे तो पाहतो.

सभा साधारण एक ते दीड तास चालते. सुरुवातीला प्रार्थना किंवा वाचन, मग एकेकाचे शेअरिंग, म्हणजे आपला अनुभव सांगणे. नुसते पहिले नाव सांगायचे. बोलायचे नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटले तरी चालते. कोणी बोलत असताना मध्ये प्रश्न किंवा सल्ला द्यायचा नाही, हा बहुतेक गटांचा शिरस्ता आहे, आणि नवख्याला तोंड उघडण्याचे बळ त्यातूनच मिळते. शेवटी पिशवी फिरते. पैसे न टाकल्यास कोणी काही म्हणत नाही. पिऊन आलेल्यालाही बहुधा बसू देतात, मात्र शांत राहण्याची अपेक्षा असते. न्यायालयासाठी हजेरीची सही हवी असल्यास सभेआधीच विचारावे, कारण प्रत्येक गट ती देत नाही.

खरे काम सभा संपल्यावर होते. त्या पंधरा मिनिटांत तीन-चार जणांचे फोन नंबर घ्यावेत आणि गरज नसतानाही एखादा फोन करून पाहावा. सवय नसेल तर तलफ आल्यावर हात फोनकडे वळत नाही. काही आठवड्यांनी स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, निवडावा: किमान वर्षभर न प्यालेला, पायऱ्यांवर काम केलेला आणि शक्यतो ज्याच्याशी प्रेमसंबंध जुळण्याची शक्यता नाही असा. नव्वद दिवसांत नव्वद सभा हा प्रघात आहे, नियम नाही. तरी पहिल्या महिन्यांत सभा दाट असाव्यात.

एकाच सभेवरून मत बनवणे ही सर्वांत महागडी चूक. गटागणिक माणसे व सूर बदलतात, म्हणून निदान पाच-सहा सभा, त्याही वेगवेगळ्या गटांच्या, पाहाव्यात. ‘माझे एवढे वाईट नाही’ अशी तुलना करत बसणाऱ्याला ऐकूच येत नाही. देवाच्या भाषेने अडखळणाऱ्याने निधर्मी सभा शोधावी. कोणी मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायला सांगितले तर ऐकू नये. सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, हीच एएची भूमिका आहे. पाय घसरला तर लाजेने दोन-तीन सभा चुकवल्या जातात आणि त्याच दिवसांत पिणे पुन्हा रुजते. खरे तर घसरलेल्याचे त्याच संध्याकाळी आलेले पाऊल गटाला सर्वांत ओळखीचे असते. मात्र दीर्घ खंडानंतर जुन्या मापाने पिणे शरीराला पेलत नाही, आणि दारू पुन्हा सोडतानाचा त्रास आधीपेक्षा तीव्र होऊ शकतो.

परिणामांबाबत कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात २७ अभ्यास व दहा हजारांहून अधिक सहभागी होते. रुग्णाला ठरलेल्या पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस आढळले.

घरच्यांसाठी ‘अल-अॅनॉन’ (१९५१) हे स्वतंत्र गट आहेत. पिणारा अजून पीत असला तरी तिथे जाता येते.