वजन घटते, तेव्हा नेमके काय घटते?

जेवण कमी केले की पहिल्याच आठवड्यात वजन दीड-दोन किलो उतरते आणि माणूस हरखून जातो. पुढच्या दोन आठवड्यांत काटा जेमतेम हलतो. मग 'आपल्याला हे जमणार नाही' म्हणत तोच माणूस सगळे सोडून देतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण बऱ्याचदा चरबी खऱ्या अर्थाने उतरू लागलेली असते ती याच कंटाळवाण्या आठवड्यांत.

पहिल्या आठवड्यात जाते ते मुख्यतः पाणी. आपले यकृत आणि स्नायू मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे गरजेला हाताशी असावी अशी साखर, साठवून ठेवतात. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असते. खाणे एकदम कमी केले, विशेषतः पिष्टमय पदार्थ तोडले, की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. पुन्हा नेहमीसारखे जेवलो की ते परत येते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

चरबीचा हिशेब वेगळा आहे. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. खर्चापेक्षा रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो चरबी जाईल. आता 'सात दिवसांत सात किलो' अशा जाहिराती याच हिशेबात बसवून पाहा. ती सगळी चरबी असायची, तर रोज ७७०० किलोकॅलरींची तूट हवी. बहुतेक माणसांचा दिवसभराचा एकूण खर्चच २००० ते ३००० च्या घरात असतो. म्हणजे पूर्ण उपाशी राहूनही हे शक्य नाही.

ही चरबी जाते तरी कुठे? घामावाटे, असे अनेकांना वाटते. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या संशोधकांनी २०१४ मध्ये याचे गणित मांडले: १० किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. घाम गाळणाऱ्या पट्ट्यांनी आणि वाफेने काटा खाली येतो, पण तो पाणी पिईपर्यंतच.

सगळ्यात जास्त जपायचे ते स्नायूंना. नुसते खाणे तोडून घटवलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबीशिवायच्या ऊतींचा असू शकतो, आणि त्यात स्नायू येतात. स्नायू गेले की ताकद जाते, विश्रांतीतला ऊर्जाखर्चही घटतो. उतारवयात तर हे नुकसान भरून काढणे फार कठीण. त्यावर दोन उपाय आहेत आणि ते एकत्रच करावे लागतात: पुरेशी प्रथिने आणि स्नायूंवर ताण देणारा व्यायाम. वजन घटवताना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतले जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात असू द्या. प्रथिनांनी पोट लवकर भरते, शिवाय त्यांच्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के त्यांच्या पचनातच खर्च होते. जोडीला भाज्या आणि अख्खी धान्ये हवीत, कारण तंतुमय पदार्थांमुळे कमी कॅलरींतही ताट भरलेले राहते.

उपासमारीने काय होते, ते १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात दिसले. ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले, पण चयापचय मंदावला, सतत थंडी वाजू लागली, मन खिन्न झाले आणि डोक्यात रात्रंदिवस अन्नाचेच विचार घोळू लागले. ही चिकाटीची उणीव नव्हती. ऊर्जा तुटपुंजी झाली की शरीर खर्च आवरते आणि भूक वाढवते. म्हणून तूट लहान ठेवावी.

व्यायामाकडून लोकांच्या दोन टोकांच्या अपेक्षा असतात. तासभर भरभर चालून साधारण २५० ते ३०० किलोकॅलरी खर्च होतात, आणि एखाद्या गोड पदार्थाने त्या पाच मिनिटांत भरून निघतात. त्यामुळे केवळ चालून फारसे वजन उतरत नाही. पण म्हणून चालणे सोडू नये: घटलेले वजन टिकवायला, रक्तातली साखर आणि रक्तदाब आवरायला त्याच्याइतका भरवशाचा सोबती नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. जिम हवीच असे नाही. उठाबशा आणि भिंतीला हात टेकवून जोर काढण्यापासून सुरुवात करता येते.

आणि किती वजन घटवायचे? अमेरिकेत मधुमेहाचा मोठा धोका असलेल्या ३२३४ लोकांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका गटाला आहारात बदल, आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट दिले होते. या गटाचे वजन सरासरी ५.६ किलोच घटले. तरीही सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर ठेवलेल्या गटाच्या तुलनेत, ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती.