मधमाश्यांचा ऱ्हास

पाळीव मधमाश्यांच्या वसाहती मरणे, रानातल्या माश्यांच्या जाती विरळ होणे आणि त्यामुळे पिकांचे परागीभवन अपुरे पडणे, या सगळ्याला मिळून मधमाश्यांचा ऱ्हास म्हणतात. मधमाशी आणि तिच्या भाईबंदांच्या जगात सुमारे २०,००० जाती आहेत. त्यांपैकी पेटीत पाळता येतात त्या मोजक्याच. बाकीच्यांपैकी बहुतेक जमिनीत, वाळक्या लाकडात, भिंतींच्या फटींत एकेकट्या राहतात आणि कोणाच्या हिशेबात येत नाहीत. ऱ्हासाची चर्चा बहुधा पेटीपुरती होते, हा तिचा मोठा दोष आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या सुमारे पन्नास वर्षांत जगातल्या मधपेट्या सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या; मात्र माश्यांवर अवलंबून असलेली शेती त्याच काळात तिपटीहून अधिक वाढली. रानमाश्यांचे चित्र वेगळे आहे. जगभरातल्या नोंदींच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९९० पूर्वी नोंदल्या जाणाऱ्या जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती २००६ ते २०१५ या काळात आढळल्याच नाहीत.

मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आइनस्टाइन यांच्या नावावर खपते. ते त्यांचे असल्याचा पुरावा नाही आणि ते खरेही नाही. भात व गहू स्वतःच्याच परागावर दाणा धरतात, मका व बाजरी वाऱ्यावर. ऊस, केळी, बटाटा यांच्या उत्पादनाला माशी लागतच नाही. धोका पोट रिकामे राहण्यापेक्षा ताट फिके पडण्याचा आहे. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणारे परागीभवन लागते, असे २००७ च्या एका पाहणीत दिसले. काकडी, कलिंगड, लाल भोपळा, कारले यांच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी फिरकली नाही तर मादी कळी पिवळी पडून गळते. पराग थोडाच पोचला तर काकडी वाकडी होते. (दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, त्याचे काम बरेचसे पतंग करतात.) कारळ्याला स्वतःचा पराग चालत नाही. टोमॅटो-वांग्याचा पराग फूल थरथरवून पाडावा लागतो. मधमाशीला ते जमत नाही, लाकूड पोखरून राहणाऱ्या भुंग्यांना जमते. म्हणजे शेजारच्या बांधावरचे वाळके लाकूड जाळले की वांग्याचाही तोटा होतो. अपुऱ्या परागीभवनामुळे जगात फळे, भाज्या व सुकामेव्याचे ३ ते ५ टक्के उत्पादन आजच बुडते आणि सकस आहार घटल्याने वर्षाला सुमारे ४,२७,००० जादा मृत्यू होतात, असा एका संशोधनगटाचा २०२२ मधला अंदाज आहे.

कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. व्हरोआ हा माश्यांवर जगणारा कोळीवर्गीय परजीवी मूळचा आपल्याकडच्या सातेरी माशीवरचा. सातेरीत तो मुख्यतः नरांच्या कोषांत वाढतो, शिवाय ती त्याला अंगावरून झटकून टाकते, त्यामुळे दोघांचे जमून गेले. युरोपीय माशीत मात्र तो कामकरी माश्यांच्या कोषांतही वाढतो आणि पंख वेडेवाकडे करणारा विषाणू पसरवतो. १९८७ मध्ये तो अमेरिकेत आढळला, २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मधपाळांना पेट्यांत राणी, अळ्या आणि मध जागच्या जागी दिसला, पण कामकरी माश्या नाहीशा झालेल्या. त्याचे एकच एक कारण सापडले नाही. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशके परागात व मकरंदात उतरतात. युरोपीय संघाने त्यांपैकी तिघांवर २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये त्यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी आणली.

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या हानयुआन परगण्यात नासपतीचे बागाईतदार १९८० च्या दशकापासून कोंबडीच्या पिसांचा झुबका काठीला बांधून झाडावर चढतात आणि फुलाफुलाला पराग लावतात. माशी मेली म्हणून ही वेळ आली, एवढेच सांगणे अपुरे आहे. बाजारात चालणारी एकच जात सगळीकडे लावली गेली आणि तिला पराग देणारी झाडे उरली नाहीत. फवारण्या इतक्या होत्या की मधपाळ पेट्या द्यायला तयार होईनात. कॅलिफोर्नियात बदामासाठी दर फेब्रुवारीत २० लाखांहून अधिक पेट्या ट्रकने आणाव्या लागतात.

भारतात सातेरीवर सर्वांत मोठा घाव विषाणूचा बसला. थाई सॅकब्रूड या रोगात अळी फुगून पाण्याच्या पिशवीसारखी होते. १९९१-९२ पासून दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती त्याने संपवल्या. महाराष्ट्रात कांदा-बियाण्याच्या शेतात हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. गोंड्यावरून गोंड्यावर माशी हिंडली नाही तर बी भरत नाही. नेमके डेंगळे (कांद्याचे फुलदांडे) फुलात असतानाच फुलकिड्यांसाठी फवारणी होते आणि माशी त्या शेताकडे फिरकत नाही. आग्या मोहोळांची गोष्ट निराळी: ती शहरांत इमारतींवरून, रानात मधासाठी पेटवून उठवली जातात.

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्या डोंगरांतली सातेरी जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर जगते आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलली की पोळी भरून घेते.