बेडकांमधील कृमी : नावांच्या गुंत्याची पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातील बेडकाच्या फुप्फुसात, आतड्यात किंवा मूत्राशयात कृमी सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. कठीण असते ते हा कृमी पूर्वी नोंदवलेला आहे की विज्ञानाला नवा आहे, हे ठरवणे. आज नवी प्रजाती जाहीर करताना शरीररचनेच्या वर्णनाला बहुधा डीएनएचा पुरावा जोडला जातो. या सावधगिरीमागे दोन शतकांहून अधिक काळ वाढत गेलेला नावांचा गुंता आहे.

या अभ्यासाचा पाया युरोपात घातला गेला. इटालियन निसर्गअभ्यासक फ्रांचेस्को रेदी यांनी १६८४ मध्ये प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. भेकाच्या (खडबडीत कातडीच्या बेडकाच्या, म्हणजे टोडच्या) फुप्फुसातील ज्या गोलकृमीला आज ऱ्हॅब्डियास बुफोनिस म्हणतात, त्याचे प्रजातीनाम जर्मन निसर्गअभ्यासक श्रांक यांनी १७८८ मध्ये दिले. उष्ण प्रदेशांतले कृमी या चौकटीत नंतर येऊन बसले. ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासक योहान नाटरर यांनी १८१७ ते १८३५ या काळात ब्राझीलमध्ये जमवलेले कृमी व्हिएन्नाला पोहोचले आणि त्यांपैकी अनेकांचे वर्णन कृमितज्ज्ञ डीसिंग यांनी तेथे केले. असे काम ब्राझीलमध्येच होऊ लागले ते विसाव्या शतकात. रिओ दि जानेरोच्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेतील लाउरो ट्रावासोस यांनी १९१७ मध्ये बेडकांच्या आतड्यातील गोलकृमींच्या एका वंशाला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) ‘ओस्वाल्डोक्रूझिया’ हे नाव दिले, आणि आज या वंशात अनेक खंडांतील प्रजाती मोडतात.

ओस्वाल्डोक्रूझियाच्या प्रजाती वेगळ्या करताना मोठा आधार असतो तो नराच्या मागच्या टोकाशी असलेल्या, मैथुनात उपयोगी पडणाऱ्या कठीण काट्यांचा, कारण त्यांची ठेवण प्रजातीगणिक बदलते. फुप्फुसातल्या ऱ्हॅब्डियासकडे हा आधारच नाही. मेचनिकॉव्ह आणि लॉयकार्ट या प्राणिशास्त्रज्ञांच्या १८६५ च्या कामातून स्पष्ट झाले, की या कृमीची एक पिढी मातीत स्वतंत्रपणे जगते आणि तिच्यात नर-मादी वेगळे असतात, तर बेडकातल्या पिढीत प्रत्येक कृमी उभयलिंगी असतो. म्हणजे बेडकातून हाती येणाऱ्या कृमींमध्ये नर नसतोच, आणि प्रजाती ओळखायची ती ओठ, मुखपोकळी, अन्ननलिका आणि शेपटी यांच्या बारकाव्यांवरून. असे बारकावे थोडे, आणि नमुना नीट जतन झालेला नसेल तर तेही फसवे. त्यामुळे एखादे युरोपीय नाव दूरच्या खंडांतल्या कृमींनाही लागले, आणि कृमी कोणत्या बेडकात किंवा कोणत्या देशात सापडला यावरूनही त्याचे नाव ठरू लागले. माझ्या मते या क्षेत्रातल्या बहुतेक चुकांचे मूळ या दुसऱ्या सवयीत आहे.

केन टोडचे उदाहरण पाहावे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला हा भेक उसावरील किडींच्या बंदोबस्तासाठी १९३५ मध्ये हवाईमार्गे ऑस्ट्रेलियात आणला गेला आणि तेथे झपाट्याने पसरला. त्याच्या फुप्फुसात कृमी आढळले, तेव्हा ते ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक बेडकांकडून आले असावेत असे मानले गेले. नावही स्थानिक प्रजातीशी जोडले गेले. २००७ मध्ये मध्य अमेरिकेतील याच भेकातून ऱ्हॅब्डियास स्यूडोस्फीरोसेफाला ही नवी प्रजाती वर्णिली गेली, आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने दाखवून दिले, की ऑस्ट्रेलियातील भेकांमधला कृमीही तोच आहे. तो भेकाबरोबरच आला होता. हा प्रश्न केवळ नावाचा नव्हता. भेकाच्या नियंत्रणासाठी या कृमीचा उपयोग करता येईल का याचा विचार चालू असताना, तो स्थानिक आहे की परका यावरच स्थानिक बेडकांना असलेला धोका जोखायचा होता.

डीएनएने सगळा गुंता मात्र सुटत नाही. जुन्या संग्रहांतले अनेक नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले आहेत आणि फॉर्मॅलिनमुळे डीएनएची मोडतोड होते. त्यामुळे ज्या नमुन्यावर मूळ नाव आधारलेले आहे, त्याची नव्या कृमीशी थेट तुलना अनेकदा करता येत नाही. मग मूळ वर्णनातल्याच ठिकाणी, त्याच प्रजातीच्या बेडकातून कृमी पुन्हा मिळवावे लागतात. दरम्यान बेडकांचीही नावे बदललेली असतात. केन टोडच जुन्या नोंदींत बुफो मरिनस आहे आणि आज ऱ्हिनेला मरिना. एकच समजला गेलेला बेडूक पुढे अनेक प्रजातींत विभागला गेला असेल, तर त्यांपैकी नेमका कोणता तपासायचा हे आधी ठरवावे लागते; आणि तो त्या ठिकाणाहून नाहीसा झाला असेल, तर जुन्या नावाचा निवाडा लांबणीवर पडतो.