कमी कर्बोदकांची नोंदवही आणि कळण्याची भाकरी: पार्श्वभूमी

जेवणातील कर्बोदके, म्हणजे पिष्ट आणि साखर, तोडून वजनाचा तारीखवार हिशेब मांडण्याचे पहिले गाजलेले उदाहरण लंडनमधील आहे. तेथील एका व्यावसायिकाने 1863 मध्ये आपला आहार आणि घटलेले वजन यांचे तपशील पुस्तिकेत छापले. 1921-22 मध्ये इन्सुलिन हाती येईपर्यंत मधुमेहींनाही याहून वेगळा मार्ग फारसा नव्हता. इन्सुलिननंतर हा उपाय मागे पडला आणि 1972 मध्ये अमेरिकेत गाजलेल्या एका पुस्तकाने तो वजन घटवण्यासाठी पुन्हा पुढे आणला.

2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि रोजच्या जेवणाची ऑनलाइन नोंद ठेवणे खानदेशातील खेड्यांतही आवाक्यात आले. या नोंदींत वांग्याचे भरीत, मेथी आणि शेंगदाणे सहज बसतात, तर केळी, बट्टी आणि अखजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे-आमरस वगळावे लागतात, याबद्दल दुमत नाही. अडते ते भाकरीपाशी, कारण तिचा कोणता आकडा लिहायचा यावरच एकमत नाही.

अमेरिकेत पाकिटावर छापलेल्या एकूण कर्बोदकांत तंतूही (न पचणारा चोथा) धरलेले असतात, म्हणून तेथे तंतू वजा करून ‘निव्वळ कर्बोदके’ काढण्याची रीत पडली. या शब्दाची कायदेशीर व्याख्या मात्र तेथेही नाही. ही वजाबाकी आपल्याकडे जशीच्या तशी उचलली गेली, आणि घोळ येथेच झाला. हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीला सुमारे 67.7 ग्रॅम कर्बोदके दिली आहेत आणि सुमारे 10.2 ग्रॅम तंतू त्यांच्या बाहेर, स्वतंत्र दाखवले आहेत. त्यांत ओलावा, प्रथिने, स्निग्धांश आणि राख मिळवली की बेरीज 100 भरते. म्हणजे तंतू आधीच वजा झालेले असताना ते पुन्हा वजा केले, तर नोंदवहीत 57.5 ग्रॅम उतरतात आणि प्रत्येक 100 ग्रॅम पिठामागे 10 ग्रॅमहून अधिक कर्बोदके कागदावरून नाहीशी होतात. दिवसाला 50 ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्यासाठी ही चूक मुळीच किरकोळ नाही. तक्त्यातील आकडा आहे तसा लिहावा, हाच पक्ष बरोबर आहे.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीत आणखी एक अडचण येते. ज्वारीबरोबर दळलेल्या उडदात प्रथिने ज्वारीच्या दुपटीहून अधिक आणि कर्बोदके कमी असतात. पण हे प्रमाण घरोघरी बदलते, त्यामुळे ‘एक भाकरी’ या नोंदीवरून काहीच ठरत नाही. थापलेली भाकरी तोलूनही भागत नाही, कारण पाणी किती लागले आणि तव्यावर किती उडाले यावर तिचे वजन अवलंबून असते. दळण टाकताना ज्वारी आणि उडीद वेगवेगळे तोलावेत आणि भाकरीपुरते कोरडे पीठ पाणी घालण्यापूर्वी तोलावे, तरच आकडा विश्वासाचा होतो.

2019 मध्ये अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनेने रक्तातील साखर आटोक्यात आणण्यासाठी कर्बोदके कमी करण्यामागील पुरावा सबळ मानला, तेव्हापासून या नोंदी वजनापुरत्या राहिलेल्या नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भाकरी एकदम कमी केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अशा रुग्णाने आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी पिठाचे वजन, गोळीची वेळ आणि साखरेचे मापन एकाच पानावर असणे आवश्यक ठरते.