पिल्लांच्या लसीका ग्रंथींतील सर्कोव्हायरस : अहवाल कसा समजून घ्यावा

डुकराच्या पिल्लाच्या नमुन्यात सर्कोव्हायरस-२ आढळल्याचा अहवाल आला की कळपात रोग शिरला, असे मानण्याची घाई होते. वास्तविक हा विषाणू बहुतेक कळपांत असतोच आणि बाधित पिल्लांपैकी पुष्कळशी वरकरणी निरोगी राहतात. लसीकरण झालेल्या कळपातही तो सापडू शकतो, कारण लस विषाणूचे प्रमाण आणि रोग कमी करते. संसर्ग पूर्णपणे थोपवत नाही.

सुमारे १७ नॅनोमीटर व्यासाच्या या विषाणूला आपल्या डीएनएच्या प्रती काढण्यासाठी यजमान पेशीच्या यंत्रणेवर अवलंबून राहावे लागते, त्यामुळे विभाजन होत असलेल्या पेशी त्याला सोयीच्या ठरतात. चिकातून मिळालेली प्रतिपिंडे ओसरल्यानंतर, साधारणपणे ७ ते १५ आठवड्यांच्या वयात, संसर्ग बळावला तर लसीका ग्रंथी (रोगप्रतिकारक पेशींच्या छोट्या गाठी), टॉन्सिल, प्लीहा आणि आतड्यातील लसीका ऊतींमधील लिंफोसाइट पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) विरळ होत जातात, त्यांच्या जागी मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणाऱ्या पेशी) दाटतात आणि याच पेशींत विषाणूचा मोठा साठा आढळतो. सूक्ष्मदर्शकाखाली काही मॅक्रोफेजमध्ये द्राक्षाच्या घडासारखे गडद निळे समावेश-पिंड, म्हणजे पेशीत साठलेल्या विषाणूंचे पुंजके, दिसतात. ते नेहमीच सापडतात असे नाही, मात्र सापडले तर निदानाला भक्कम आधार मिळतो. सुरुवातीला ग्रंथी सुजतात (जांघेतील ग्रंथी तर कातडीखाली सहज जाणवतात), परंतु पुढे त्या आक्रसूही शकतात, म्हणून केवळ आकारावरून अंदाज बांधू नये. लिंफोसाइट घटल्याने प्रतिकारशक्ती ढासळते, पिल्लू खंगते आणि इतर जंतूंना वाट मोकळी होते. पार्वोव्हायरस, पीआरआरएस (डुकरांच्या प्रजनन व श्वसनाचा विषाणूजन्य रोग) किंवा मायकोप्लाझ्मा जीवाणू यांची जोड मिळाली तर रोग अधिक तीव्र होतो.

यास्तव प्रयोगशाळेत आम्ही या रोगाचे निदान तीन गोष्टी एकत्र जुळल्यावरच नोंदवतो : पिल्लाची लक्षणे, लसीका ऊतींतील वरील बदल आणि त्याच बदलांच्या ठिकाणी विषाणूचे अस्तित्व. रक्ताची पीसीआर चाचणी (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) एकटी याला पुरेशी नाही.

तपासणीसाठी नुकत्याच आजारी पडलेल्या एकाहून अधिक पिल्लांच्या जांघेतील व आतड्यालगतच्या लसीका ग्रंथी, टॉन्सिल, प्लीहा आणि फुफ्फुस यांचे पातळ तुकडे पशुवैद्यकाकडून घ्यावेत आणि तुकड्यांच्या दसपट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावेत. हे तुकडे गोठवू नयेत. गोठल्यावर पेशींची रचना मोडते. पीसीआरसाठीचा तुकडा मात्र फॉर्मेलिनविना, वेगळ्या डबीत, बर्फावर पाठवावा.