टेट्रापॅकचा खोका: पुनर्वापर म्हणजे पुनर्चक्रण नव्हे

वर्तमानपत्रांत, शाळांच्या सूचनाफलकांवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या परिपत्रकांत ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द दोन निराळ्या क्रियांसाठी इतका सर्रास वापरला जातो, की फळरसाच्या रिकाम्या खोक्यात कोथिंबीर पेरणारी व्यक्तीसुद्धा आपण तो खोका ‘रिसायकल’ केला असे मनापासून सांगते. तिच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण तिने केला तो पुनर्वापर आहे, पुनर्चक्रण नव्हे, आणि या विशिष्ट वस्तूच्या बाबतीत पहिल्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्याची वाट कायमची बंद होते.

पुनर्वापराबद्दल फार सांगायला नको, कारण तो आपल्या घरांच्या अंगवळणी पडलेला आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होते, लोणच्याच्या बरणीत गोडा मसाला जातो. वस्तू तीच राहते, तिचे काम बदलते. काम तेच राहूनही पुनर्वापर होऊ शकतो. मुंबईत आरे केंद्रावर रिकामी काचेची बाटली देऊन भरलेली घेण्याची जी पद्धत होती, तिच्यात बाटली धुऊन पुन्हा दुधाने भरली जाई आणि तिच्या तोंडावरचे अ‍ॅल्युमिनियमचे झाकण तेवढे नवे बसे. टेट्रापॅकच्या खोक्याला हे जमत नाही. तो कारखान्यात निर्जंतुक करून, एकदाच भरून, बंद करण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या आतल्या कोपऱ्यांपर्यंत हात पोहोचत नाही आणि घासणीही पोहोचत नाही, म्हणून त्यात ताक किंवा तेल भरून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये.

पुनर्चक्रणात वस्तू उरत नाही. ती मोडते आणि तिच्यातले द्रव्य मोकळे होते. खोक्याच्या बाबतीत हे नीट समजण्यासाठी तो कशाचा आहे हे पाहावे लागते. वजनाने पाहिले तर जवळपास 75 टक्के भाग जाड कागदाचा, सुमारे 20 टक्के पॉलिथिनचा आणि उरलेला 5 टक्के अ‍ॅल्युमिनियमच्या अतिशय पातळ वर्खाचा असतो, आणि हे सारे थरांवर थर देऊन चिकटवलेले असते. खोक्याचा तळहाताएवढा तुकडा कापून दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावा आणि मग अंगठ्याने चोळावा. छापील बाजूचा पातळ पापुद्रा सुटतो, त्याखालचा कागद ओल्या पिठासारखा बोटांना लागतो आणि शेवटी हातात एक चंदेरी, न फाटणारा पापुद्रा राहतो. कागदाच्या गिरणीत हेच मोठ्या प्रमाणावर होते: पाण्याने भरलेल्या प्रचंड घुसळणयंत्रात खोके फिरवले जातात, कागदाचे तंतू सुटून त्यांचा लगदा होतो आणि प्लॅस्टिक-अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे वेगळे निघतात. लगद्याचा पुठ्ठा किंवा कागद होतो. वेगळ्या निघालेल्या तुकड्यांचे उष्णता आणि दाब देऊन पत्रे बनतात, आणि त्यांपासून छपरे व बाकडी तयार होतात. खोक्यापासून पुन्हा खोका बनत नाही, म्हणून हे खरे चक्र नव्हे, असे काही जण म्हणतात. परंतु या खोक्यांना मजबुतीसाठी लांब आणि चांगल्या प्रतीचे तंतू वापरलेले असतात, आणि ते तंतू आणखी काही वेळा कागद म्हणून जगू शकतात, हे मला पुरेसे वाटते.

आता कोथिंबिरीकडे परत येतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. खोका पाण्याला दाद देत नाही तो दोन्ही बाजूंच्या पॉलिथिनमुळे. वरचा भाग कापला आणि तळाला भोके पाडली की कागदाच्या उघड्या कडा तयार होतात आणि ओली माती त्या कडांमधून पाणी आत पोहोचवत राहते. काही आठवड्यांत तळ फुगतो, थर सुटतात, काळी बुरशी धरते. मग तो खोका मातीसकट कचऱ्यात जातो आणि गिरणीला नको असलेल्या गोष्टी, म्हणजे कुजलेला तंतू, माती आणि मुळे, सगळ्या त्याच्यात एकत्र असतात. जो खोका रिकामा झाला त्या दिवशी पूर्णपणे उपयोगी होता, त्याचे आयुष्य आपण एका पिकापुरते वाढवले आणि पुढचे सगळे संपवले. रोपासाठी नारळाची करवंटी किंवा फुटका माठ घ्यावा, त्यांना गिरणीत जायचे नसते.

‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धांबद्दल माझे मत याहून कडक आहे. एका शाळेत मी परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलांनी खोक्यांवर थर्माकोल, गोंद, चकचकीत टिकल्या आणि तैलरंग चढवून सुंदर घरे केली होती, आणि प्रदर्शन संपल्यावर ती सारी एकाच काळ्या पिशवीत गेली. मुलांची मेहनत खरी होती, पण शंभरेक स्वच्छ खोके त्या रंगामुळे आणि गोंदामुळे पुनर्चक्रणाबाहेर गेले. खोका ड्रॉवरमध्ये कप्पा म्हणून कोरडा वापरला आणि नंतर तसाच सपाट करून दिला, तर माझी तक्रार नाही. त्या वापरात तंतू शाबूत राहतात.

किरकोळ गैरसमज दोन-तीन आहेत. खोका रद्दीत घालू नये, कारण साध्या रद्दीसाठीच्या गिरणीत प्लॅस्टिकचा थर अडचण करतो. तो खतखड्ड्यात घालू नये, कारण कागद कुजला तरी वर्ख आणि पॉलिथिन तसेच राहतात. पाण्याच्या बंबात तर मुळीच जाळू नये.

देण्याची पद्धत सोपी आहे. रिकामा होताच थोडे पाणी घालून विसळावा, नाहीतर उरलेले दूध दुसऱ्या दिवशी आंबते आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्याला तो वास सोसावा लागतो. मग वरचे आणि खालचे कोपरे उलगडून, दाबून सपाट करावा आणि उन्हात वाळवून सुक्या कचऱ्यात, पण इतर कागदापासून वेगळा, सुतळीने बांधून द्यावा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या महिला दारातून सुका कचरा नेतात आणि विकण्याजोगा माल विकून येणारे पैसे त्यांच्या उत्पन्नाचा भाग असतात, त्यामुळे कोरडा आणि बिनवासाचा गठ्ठा त्यांच्या थेट उपयोगाचा असतो. वीस-पंचवीस सपाट खोक्यांना दोन जाडजूड पुस्तकांएवढीच जागा लागते.