उतरलेल्या पानांचा हिशेब: ब्लॅकजॅकच्या मोजणीची पार्श्वभूमी

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या काळी पाळी सुटली की ओट्यावर मेंढीकोटाचा डाव बसायचा. चारपैकी किती मेंढ्या उतरल्या, कोणाकडचा हुकूम संपला, हे ज्याच्या ध्यानात राही त्यालाच भिडू म्हणून मागणी असे. त्याला लबाड म्हणायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ब्लॅकजॅक हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ; पानांची बेरीज २१ च्या वर जाऊ न देता वाटणाऱ्याला हरवायचं. त्यात नेमकं हेच केलं, तर खेळाडूला टेबलावरून उठवतात. हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

खेळ जुना आहे, मूळ युरोपातलं. मोजणीचा इतिहास मात्र उणापुरा ७० वर्षांचा. १९५६ साली अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर हिशेब करून, कोणत्या पानांवर थांबावं आणि कोणत्या पानांवर आणखी पान मागावं, याचा तक्ता प्रसिद्ध केला. पुढे एका गणिताच्या प्राध्यापकाने आयबीएम ७०४ या संगणकावर तेच काम वाढवलं आणि १९६२ साली पुस्तक काढलं. पुन्हा पिसेपर्यंत उतरलेली पानं परत कॅटमध्ये येत नाहीत, म्हणून उरलेल्या कॅटचं पारडं दर डावाला हलतं, हा त्याचा मुद्दा. त्या पुस्तकातली मुख्य रीत दश्शी-चित्रांची पानं आणि बाकीची पानं वेगवेगळी मोजायची होती. गोंगाटात ती जमणं कठीण. १९६३ मध्ये लास वेगासला भरलेल्या संगणक परिषदेत सोपी रीत मांडली गेली. आज सगळीकडे शिकवतात ती हीच.

दुर्री ते छक्की उतरली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का उतरला की उणे एक. छक्की, राजा, तिर्री, पंजी अशी पानं पडली तर बेरीज अधिक दोन. ५२ पानं पाठ ठेवावी लागतात हा गैरसमज आपल्याकडे पक्का बसलाय. इथे डोक्यात एकच आकडा ठेवायचा असतो. कॅट अनेक असतील, तर ती बेरीज उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायची: बेरीज सहा आणि तीन कॅट शिल्लक, तर खरी मोजणी दोन. बेरीज अधिक, म्हणजे मोठी पानं जास्त उरलेली. ती उरली की एक्का-दश्शीची जोडी जास्त वेळा लागते आणि तिचे दीडपट पैसे मिळतात. शिवाय वाटणाऱ्याला १६ वरही पान घ्यावंच लागतं, त्यामुळे तो २१ च्या वर जाण्याचा संभव वाढतो. खेळाडूचा फायदा तरी साधारण टक्काभरच असतो, आणि तोही हजारो डावांनंतर दिसतो.

१९६४ मध्ये लास वेगासच्या कॅसिनोंनी घाबरून नियम आवळले. गिऱ्हाईक रोडावलं, तेव्हा काही आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. मग मोजणी अवघड व्हावी म्हणून अनेक कॅट एकत्र पिसणं आलं.

खरा गुंता आहे तो 'कौशल्य' या शब्दाचा, आणि तो आपल्या दारातला आहे. सोलापूर मुंबई इलाख्यात होतं. इथे १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू, आणि त्यात 'निव्वळ कौशल्याच्या खेळाला' सूट. शेजारचं तुळजापूर निजामाच्या राज्यात, तिथला जुगार कायदा वेगळा. त्या हैदराबादी कायद्याखालचाच रमीच्या क्लबाचा एक खटला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वोच्च न्यायालयात गेला. रमीत नशीब नाही असं न्यायालय म्हणालं नाही. पण कौशल्याचा वाटा मोठा आहे, असं ठरवलं. तीन पत्तीला नशिबाच्या खात्यात टाकलं. रमीच्या बाजूने दिलेलं कारण महत्त्वाचं आहे: पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. म्हणजे जी स्मरणशक्ती आपल्या न्यायालयाने कौशल्याची खूण मानली, तिच्याचसाठी परदेशी कॅसिनो माणसाला बाहेर काढतात. मला हा उलटा न्याय वाटतो. आरसा, खुणेचं पान, लपवलेलं यंत्र ही फसवणूकच. समोर उघड पडलेल्या पानांची मनात बेरीज करणं म्हणजे खेळणंच आहे.

अमेरिकेतही यावर एकमत नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की केवळ मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःच्या अधिकारात कोणाला अडवता येणार नाही. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात मालक सरळ दार दाखवू शकतो. कॅसिनोंनी मग दुसरी वाट धरली: डाव संपताच पानं परत पिसणारी यंत्रं आणि एक्का-दश्शीच्या जोडीला दीडपटीऐवजी पाचाला सहा असा मोबदला. या एका बदलाने कॅसिनोचा वाटा साधारण १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मोजणाऱ्याची सगळी कमाई त्यातच जाते.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ४७ वर्षं तो नुसता कागदावर होता. गोव्याने नव्वदच्या दशकात कायदा बदलला: पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं, टेबलावरचे पत्ते पाण्यातल्या जहाजांवर. म्हणून सोलापूरकराला खरं ब्लॅकजॅक बघायचं, तर गोव्यातली मांडवी नदी गाठावी लागते.

मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली, आणि तिथे कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. रमीच्या निकालापासून जपलेली रेघ त्यात पुसली गेली. मोजणीचे धडे मात्र अजून विकले जातात, आणि आपल्याकडची पोरं ते विकत घेतात, याची मला काळजी वाटते. कारण मोबाइलवरच्या साध्या ब्लॅकजॅकमध्ये यंत्र प्रत्येक डावाला सगळा कॅट नव्याने पिसतं. मागच्या डावात उतरलेला राजा पुढच्या डावात पुन्हा हजर असतो, आणि मोजायला काही उरत नाही.